पेशीच्या वेशीवरचा पंप

माणसाच्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या वेशीवर एक सूक्ष्म यंत्र अहोरात्र राबत असते, आणि शरीर स्वस्थ असताना जी ऊर्जा खर्ची पडते तिचा सुमारे पाचवा हिस्सा ह्या एकट्या यंत्राच्या दिमतीला जातो, हे वाचून नवल न वाटणारा वाचक विरळाच. सोडियम-पोटॅशियम पंप हे त्याचे नाव, जात एन्झाइमाची. सोडियमचे तीन आयन बाहेर काढायचे, पोटॅशियमचे दोन आत घ्यायचे आणि अशा प्रत्येक खेपेपोटी पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्ची घालायचा, हा त्याचा ठरीव दस्तूर. बाहेर सोडियम मुबलक आणि आत पोटॅशियम मुबलक ही जी तफावत त्यामुळे टिकते, तिच्याच जोरावर मज्जातंतूंतून संदेश धावतात आणि स्नायू आकुंचन पावतात.

ज्या गृहस्थाने हे यंत्र प्रथम हुडकले, ते डेन्मार्कमधील ऑरहूस विद्यापीठाचे येन्स ख्रिश्चन स्काऊ, मूळचे शस्त्रवैद्य; अंग बधिर करणारी औषधे मज्जातंतूंवर कशी चालतात ह्या जिज्ञासेपोटी ते पेशीपटलाच्या अभ्यासाकडे वळले होते. समुद्रकाठच्या खेकड्यांच्या पायांतील मज्जातंतू वाटून मिळालेल्या पटलाच्या तुकड्यांत त्यांना एटीपी मोडणारे एक एन्झाइम आढळले. मॅग्नेशियमच्या सोबतीला सोडियम आणि पोटॅशियम ही दोन्ही एकत्र आली, म्हणजेच ते खऱ्या अर्थाने कामाला लागे. १९५७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले खरे, परंतु निबंधाच्या मथळ्यात पंपाचा उल्लेख करणे त्यांना धारिष्ट्याचे वाटले, आणि परिधीय मज्जातंतूंतील एका एन्झाइमावर काही आयनांचा परिणाम अशा अर्थाचे निरुपद्रवी नाव त्यांनी त्याला दिले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत रॉबर्ट पोस्ट ह्या अमेरिकन संशोधकाशी त्यांची गाठ पडली, आणि वाबेनने हे एन्झाइम बंद पडते काय, असा प्रश्न पोस्ट ह्यांनी टाकला. वाबेन हे आफ्रिकेतील बाणांच्या विषातून मिळालेले, हृदयावर चालणारे स्टेरॉइड. त्याच्या जातीची द्रव्ये तांबड्या रक्तपेशींतील सोडियम-पोटॅशियमची ने-आण अडवतात हे स्वित्झर्लंडच्या हान्स शात्समान ह्यांनी १९५३ मध्येच दाखविले होते. स्काऊ ह्यांनी तत्काळ ऑरहूसला दूरध्वनी करून प्रयोग लावावयास सांगितले, आणि एन्झाइम बंद पडते असा जबाब परिषद चालू असतानाच हाती आला. पंपाची ओळख पटली ती अशी विषाच्या साक्षीने. नोबेल पारितोषिक मात्र १९९७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी मिळाले. सत्कारसमित्यांचा कारभार सर्वत्र सारखाच!

ही वनस्पतिज स्टेरॉइडे पंपाला बाहेरच्या अंगाने भिडतात. पंपाचे तोंड बाहेर असताना त्याच्यात जी पोकळी उघडते, तिच्यात स्टेरॉइडाचा सांगाडा जाऊन बसतो आणि यंत्र त्याच अवस्थेत खिळून राहते. बाहेरचे पोटॅशियम पंपाला ती अवस्था सोडावयास लावीत असल्यामुळे रक्तातील पोटॅशियम उतरले की विषाचा अंमल वाढतो. अल्प मात्रेत ही स्टेरॉइडे दुबळ्या हृदयाला बळ देणारे औषध म्हणूनही वापरतात; पोटॅशियम उतरविणाऱ्या, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या जोडीला असताना वैद्य पोटॅशियमची तपासणी करवितात ती ह्याचसाठी.

पंप अडला तर हृदयाला बळ कसे चढावे, ही शंका रास्त आहे. हृदयस्नायूच्या पेशीत सोडियम बाहेरून आत येण्याच्या ओढीवर कॅल्शियम बाहेर घालविणारी एक निराळी यंत्रणा असते. थोडेसे पंप बंद पडून आतील सोडियम वाढले की ही ओढ मंदावते, बाहेर जावयाचे कॅल्शियम पेशीच्या कोठारात जमा होते आणि पुढच्या प्रत्येक ठोक्याला ते अधिक प्रमाणात सुटून आकुंचन जोरकस होते. मात्रा किंचित चढली की तेच कोठार तुडुंब भरून अवेळी सांडू लागते, ठोक्यांचा ताल बिघडतो आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. गुण एका ठिकाणी आणि दोष दुसऱ्या ठिकाणी असता तर तो वगळता आला असता; येथे दोन्हींचे मूळ एकच.

इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग ह्यांना ह्या रेणूंपैकी काहीही ठाऊक नव्हते. जलोदरावरील श्रॉपशर परगण्यातील एका वृद्धेच्या काढ्यात वीसेक वनस्पती असताना गुण ह्याच जातीची स्टेरॉइडे असलेल्या डिजिटॅलिस ह्या वनस्पतीचाच, हे त्यांनी ओळखले आणि १७८५ च्या आपल्या ग्रंथात फसलेल्या रोग्यांचाही तपशील प्रामाणिकपणे नोंदविला. मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी ह्यांपैकी कोठेही परिणाम दिसताच औषध थांबवावे, हा त्यांचा दंडक आजच्या कित्येक पाठ्यपुस्तकांहून शहाणपणाचा आहे असे माझे मत आहे.

आपल्या अंगणातही ह्या कुळीची विषे आहेत: देवपूजेची कण्हेर, कुंपणाची बिट्टी, आणि शनिवारी जिच्या पानांची माळ मारुतीला घालतात ती रुई. रुईच्या आप्त वनस्पतींवर पोसणाऱ्या अमेरिकेतील मोनार्क फुलपाखराच्या पंपात १२२ व्या अमिनो आम्लाच्या स्थानी अ‍ॅस्पराजिनऐवजी हिस्टिडीन असते, आणि एवढ्या फरकामुळे विष त्याला फारसे बाधत नाही. माणसाला ही सवलत नाही. श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाऊन कित्येकांनी जीव दिले आहेत. डिजिटॅलिसपासून मिळणाऱ्या डिगॉक्सिन ह्या औषधाविरुद्ध मेंढ्यांच्या रक्तात तयार केलेली प्रतिपिंडे त्या विषावरही उतारा ठरतात, हे तेथेच सिद्ध झाले, परंतु तो उतारा फार महाग.

डिगॉक्सिनची थोरवी आता पूर्वीची राहिली नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६,८०० रुग्णांच्या चाचणीत मृत्यूंची संख्या त्याने घटली नाही, मात्र हृदय दुबळे झाल्यामुळे इस्पितळात दाखल होण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हा ज्यांच्या घरी ही गोळी कोणी वडीलधारे घेत असतील, त्यांनी एवढे करावे: चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये, अन्नावरची वासना उडाली, मळमळ सुरू झाली किंवा पदार्थ पिवळसर दिसू लागले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, आणि बिट्टीची बी कोणी गिळल्याचे समजताच घरगुती उपायांत वेळ न दवडता इस्पितळ गाठावे.