नोंद एकदाच, पण पक्की : हळदीच्या बाजारातला डेटाबेस

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये एका शेतकऱ्याचा माल उतरला की नोंदींची रांग सुरू होते. शेतकऱ्याचे नाव, गाव, कट्टे किती, काट्यावर वजन किती भरले, बोलीत भाव काय निघाला, खरेदीदार कोण, हमाली-तोलाई किती कापली, हातात रक्कम किती आली. हीच माहिती बाजार समितीच्या आवक-नोंदीत, आडत्याच्या वहीत, खरेदीदाराच्या बिलात, गोदामाच्या पावतीत आणि कर्ज काढले असेल तर बँकेतही लिहिली जाते. एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहिली की पाचही ठिकाणी ती सारखीच राहील याची हमी उरत नाही. एका जागी दुरुस्ती होते, चार जागी राहून जाते, आणि मग भांडण हळदीवरून नव्हे तर कागदावरून होते.

व्यापारातली ही अडचण जगभरची आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीम. माहिती एका ठिकाणी, ठरलेल्या नियमांनी ठेवणारी आणि अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी ही संगणकीय व्यवस्था.

फायलींपासून तक्त्यांपर्यंत

संगणक व्यवसायात आले तेव्हा प्रत्येक खात्याची फाईल वेगळी असे. पगाराचा प्रोग्राम पगाराची फाईल वाचे, मालाचा प्रोग्राम मालाची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी या फायली एकत्र सांभाळणारी व्यवस्था उभी केली. त्याच दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेच्या अवाढव्य रॉकेटच्या सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी आयएमएस ही प्रणाली घडवली. पण या प्रणालींमध्ये हवी ती माहिती कोणत्या वाटेने गाठायची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागे. वाट बदलली की प्रोग्राम मोडे.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतले गणिती एडगर कॉड यांनी वेगळा विचार मांडला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. एका तक्त्याचे दुसऱ्याशी नाते दोन्हींत असलेल्या समान मूल्यांनी जुळू द्या. काय हवे ते माणसाने सांगावे, ते कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे. या विचारातून डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी प्रश्न विचारण्याची भाषा घडवली, तीच आजची एसक्यूएल. १९७९ मध्ये याच विचारावरचा ओरॅकल हा डेटाबेस बाजारात आला. बँका, रेल्वे, विमा कंपन्या यांचे आजचे कामकाज मुख्यतः याच पायावर चालते. कॉड यांना १९८१ मध्ये संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मोंढ्यातले तक्ते

हा विचार आपल्या मोंढ्यात आणून पाहू. समजा, एका आडतीचा डेटाबेस करायचा आहे. शेतकऱ्यांचा तक्ता एक, खरेदीदारांचा दुसरा, आवकेचा तिसरा, सौद्यांचा चौथा. शेतकऱ्याचा मोबाईल क्रमांक फक्त पहिल्या तक्त्यात. सौद्याच्या ओळीत त्याचे नाव-गाव पुन्हा लिहायचे नाही, केवळ पहिल्या तक्त्यात त्याला दिलेला ओळख-क्रमांक टाकायचा. मोबाईल बदलला तर एकाच जागी बदल करायचा, आणि जुन्या-नव्या सगळ्या सौद्यांना तो लागू झाला.

हा ओळख-क्रमांक सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. एका गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असतातच. तालुक्याचे नावही कुठे वसमत तर कुठे बसमत असे लिहिलेले सापडते. माणसाला ते एकच गाव वाटते, संगणकाला दोन. म्हणून नावावर विसंबायचे नाही. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत देशातल्या प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. तो वापरला तर सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत आणि हिंगोली या पाचही तालुक्यांतली गावे बिनचूक ओळखता येतात.

असे तक्ते उभे राहिले की प्रश्न विचारण्याची ताकद येते. मार्चमध्ये सेनगाव तालुक्यातून किती क्विंटल हळद आली? गड्डे आणि हळकुंडे यांच्या भावात गेल्या तीन हंगामांत किती फरक राहिला? कोणत्या खरेदीदाराकडे पंधरा दिवसांवरची उधारी थकली आहे? वह्या चाळून दोन दिवसांत मिळणारे उत्तर क्षणात मिळते. बारदान किती मागवायचे, पैसा कुठे अडकला आहे, पुढच्या हंगामात कोणाला उधार द्यायचे, हे निर्णय मग अंदाजाने घ्यावे लागत नाहीत.

पूर्ण व्हावा, नाहीतर होऊच नये

डेटाबेसचे दुसरे मोठे देणे म्हणजे व्यवहाराची शाश्वती. खरेदीदाराच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि शेतकऱ्याच्या खात्यात जमा होण्याआधीच वीज गेली, तर? चांगला डेटाबेस अर्धा व्यवहार ठेवत नाही. तो पुरा करतो किंवा मुळापासून रद्द करतो. दोन कारकुनांनी एकाच क्षणी एकच लॉट दोघांना विकायचा प्रयत्न केला, तर एकालाच परवानगी मिळते. या शास्त्राला भक्कम पाया देणारे जिम ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हे साधते कसे, ते आपल्या व्यापाऱ्यांना चटकन कळेल. लक्ष्मीपूजनाला ज्या वह्यांची पूजा होते त्यांत रोजकीर्द आधी आणि खतावणी नंतर लिहिली जाते. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत उतरवतो आणि मगच तक्त्यात नेतो. मध्येच यंत्र बंद पडले तर ती रोजकीर्द वाचून तक्ते पुन्हा बिनचूक उभे करतो.

पावतीवर कर्ज, नावाला मोल

हळद वाळवून, पॉलिश करून ठेवली की महिनोन्महिने टिकते. भाव पडलेला असेल तर शेतकरी ती गोदामात ठेवून तिच्यावर कर्ज घेऊ शकतो. पूर्वी कागदी पावतीची भीती होती, कारण बनावट पावती निघू शके, किंवा एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलले जाई. २००७च्या गोदाम कायद्यानुसार नोंदणी झालेल्या गोदामांसाठी २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक पावती सुरू झाली. ही पावती रिपॉझिटरीच्या, म्हणजे अशा पावत्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, डेटाबेसमध्ये असते. एका बँकेचा बोजा तिच्यावर चढला की तो उतरेपर्यंत दुसरीकडे ती तारण ठेवता येत नाही. बँकेचा विश्वास वाढतो तो या एका नियमामुळे.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा फायदा तेव्हाच, जेव्हा पिशवीतली हळद खरोखर याच मातीतली आहे हे दाखवता येईल. त्यासाठी प्रत्येक लॉटला क्रमांक हवा, आणि त्या क्रमांकाशी शेतकरी, गट क्रमांक, काढणीची तारीख, शिजवण-वाळवण आणि कुरकुमीनच्या तपासणीचा अहवाल जोडलेला हवा. परदेशी खरेदीदार हीच साखळी मागतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ती बांधली तर मानांकन भावात उतरेल.

सुरुवात कुठून?

खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस मोफत मिळतात. एसक्यूलाईट तर आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आधीपासूनच काम करत असते. अनेक दुकानांत टॅली आहे, आणि तोही आतून डेटाबेसच आहे. एक्सेलची शीट एका माणसाच्या छोट्या हिशेबाला पुरते. चार जण एकाच वेळी नोंदी करू लागले की डेटाबेसकडे वळावे.

खरे कष्ट सॉफ्टवेअरपेक्षा शिस्तीचे आहेत. नोंद व्यवहार होतो त्याच वेळी व्हावी. कोणाला काय पाहता येईल आणि काय बदलता येईल, हे आधी ठरवावे. रोजची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि ती परत उघडते का, हे अधूनमधून तपासावे. शेतकऱ्याचा आधार आणि बँक तपशील ही त्याची खासगी माहिती आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती सांभाळण्याची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

आणि एक आग्रह. या तक्त्यांचा लाभ फक्त आडत, समिती आणि बँक यांच्यापुरता राहू नये. आपण किती माल विकला, कोणाला, कोणत्या भावाने आणि किती कापून, हे शेतकऱ्याला मागितल्याबरोबर मिळाले पाहिजे. दहा वर्षांचा असा हिशेब हाती असलेला शेतकरी बँकेपुढे आणि खरेदीदारापुढे बरोबरीने बोलेल. हिंगोलीच्या हळदीच्या व्यापारात डेटाबेस यायचा असेल, तर तो या अटीवर यावा.