मुद्दाम बिघाड घडवणारा इंजिनिअर

बेळगावला आलो की ‘एन केलसा माडतीयप्पा?’ हा प्रश्न ठरलेलाच. इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांची शीतकोठारं तपासतो म्हटलं, की शेजारचे काका म्हणतात, ‘म्हणजे फ्रिज रिपेरी!’ अगदीच चूक नाही. फक्त आमच्या फ्रिजमध्ये दूध-भाजीऐवजी माणसांच्या रक्ताचे, डीएनएचे नमुने असतात आणि ते काढायला-ठेवायला आत रोबो असतो.

घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश, तर या कोठारात उणे ८० अंश तापमान. बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, एका रॅकमध्ये ९६. प्रत्येक नळीच्या बुडाशी चौकोनी बारकोड. संगणकावर मागणी नोंदवली की रोबो नेमकी तीच नळी काढतो. शेजारच्या नळ्या वितळून चालत नाही. वितळणं-गोठणं वारंवार झालं की नमुना खराब होतो.

यंत्र ग्राहकाच्या हवाली करण्याआधी त्याला छळणं हे माझं काम. नळ्यांत पाणी भरायचं आणि संकटं आणायची. दार उघडं ठेवायचं; दमट हवा शिरून बारकोडवर हिम साचलं तर यंत्र काय करतं ते पाहायचं. एक नळी बिनबारकोडची, एकीचं झाकण तिरकं. कडक थंडीत साधं ग्रीस घट्ट होतं, धातू आकसतो. म्हणून तीच हालचाल हजारो वेळा करवून घ्यायची.

एकदा रोबोच्या हातात नळी येण्याच्या क्षणी मी वीज तोडली. वीज आल्यावर संगणक म्हणाला, ‘जागा रिकामी.’ नळी तर तिथेच! ती उचलण्याआधीच ‘उचलली’ अशी नोंद झाली होती. पुढची नळी तिच्यावरच आदळली असती. ‘हजारांत एखादी, सोडून दे,’ असा आग्रह झाला. मी सही केली नाही. दुरुस्तीत दोन आठवडे गेले, वरिष्ठांचा रोषही पत्करला.

एका नळीचं एवढं काय? ‘यूके बायोबँक’चं उदाहरण पाहा. २००६ ते २०१० या काळात ब्रिटनमधल्या ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख लोकांनी तिथे आपले नमुने दिले. पुढे त्यांतल्या काहींना कर्करोग, पार्किन्सन असे आजार जडले. आजार दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात काय बदलत होतं, हे संशोधक त्या जुन्या नळ्यांत शोधतात. आज त्या माणसाचं रक्त पुन्हा घेता येईल. पण २००८ सालचं रक्त कुठून आणणार? काही दाते तर आता हयातही नाहीत. म्हणूनच नमुन्यांचा दुसरा साठा वेगळ्या ठिकाणी, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवलेला असतो.

आपल्याकडे मुलांना ‘टेस्टिंग’ म्हणजे दुय्यम काम वाटतं. पालकांनाही मुलगा ‘डिझाइन’मध्ये हवा असतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना विचारा. ओतकामासोबतचा नमुन्याचा तुकडा ते मशीनवर ताणून तोडतात, तेव्हाच मालाची खात्री पटते. माझं कामही त्याच जातीचं. रक्त देणाऱ्या त्या माणसाला मी कधी भेटणार नाही. त्याच्या वतीने ‘अजून नाही’ म्हणणारं कुणीतरी तिथे असावं लागतं, आणि त्याचाच मला पगार मिळतो.