दर्शनाची कथा नसलेली यात्रा: हरेगावची मतमाउली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मी पाटणचा. आमच्याकडे यात्रा म्हटलं की बनपुरीचा नाईकबा, नाहीतर पालचा खंडोबा. नवस, गर्दी, एसटीच्या जादा गाड्या, पाळणे, भेळ. आता हेच सगळं डोळ्यांसमोर आणा, फक्त मधोमध चर्च ठेवा आणि हातात मेणबत्त्या द्या. ही झाली हरेगावची मतमाउली यात्रा. गाव श्रीरामपूर तालुक्यातलं, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आधीचं अहमदनगर.

प्रश्न असा, की एका खेड्याचं एवढं मोठं तीर्थस्थान होतं कसं?

जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे फ्रान्समधलं लूर्द. १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीने सांगितलं, की मला गुहेपाशी एक बाई दिसली. १८६२ मध्ये तिथल्या बिशपांनी त्या दर्शनाला मान्यता दिली आणि १८६६ मध्ये रेल्वे आली. मग काय, छोटं गाव जगाच्या नकाशावर! पोर्तुगालच्या फातिमामध्येही १९१७ साली तीन मेंढपाळ मुलांपासून सुरुवात झाली. थोडक्यात फॉर्म्युला असा: आधी दर्शन, मग चर्चची मान्यता, मग रस्ते आणि रेल्वे.

हरेगावचं मात्र उलटं आहे. तिथे आधी आला ऊस.

भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून या भागात आलं आणि १९२० च्या दशकात इंग्रजांच्या बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हरेगावात उभा राहिला. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या साखर कारखान्यांपैकी हा एक. कारखाना आला की कामगार आले, चाळी आल्या, मळे आले. दौंड-मनमाड रेल्वे तर आधीपासूनच होती. श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव आजही 'बेलापूर' आहे, त्यामुळे तिकीट काढताना नवखा माणूस हमखास गोंधळतो. म्हणजे बघा, लोक आणि वाहतूक दोन्ही तयार होते. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर आधी उभा राहिला, ॲप नंतर आलं.

१९४९ मध्ये इथे मरियामातेची यात्रा सुरू झाली. सुरुवात लहान होती, आज लोक लाखांच्या घरात येतात. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस मानतात, त्याच्या आसपास यात्रा भरते. आधीचे काही आठवडे दर शनिवारी नोव्हेना असते. लॅटिनमध्ये 'नोवेम' म्हणजे नऊ, आणि नऊ वेळा सलग केलेली प्रार्थना म्हणजे नोव्हेना. आपल्याकडे सोळा सोमवार करतात ना, तसंच काहीसं. माझ्या मते यात्रा वाढण्यात या शनिवारांचा वाटा मोठा आहे. माणूस एकदा येऊन विसरत नाही, आठवड्यामागून आठवडा येत राहतो आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

आता नाव बघा. 'माउली' म्हटलं की आपल्याला ज्ञानोबा आठवतात. मुंबईतले कोळी वांद्र्याच्या माउंट मेरीला 'मोत माउली' म्हणतात. शब्द घरचाच असल्यामुळे इथे परकं वाटत नाही. म्हणूनच या गर्दीत हिंदूही असतात, नवस बोलतात, फेडायलाही येतात. दारात कुणी जात विचारत नाही.

ही शेवटची गोष्ट साधी वाटेल, पण या भागात ती साधी नव्हती. नगर जिल्ह्यातले बहुतेक कॅथलिक मूळचे महार आणि मांग समाजातले. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, अशा घरांतले. याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनदारांच्या परिषदेत भाषण केलं होतं. दहाच वर्षांनी त्याच गावात माउलीची यात्रा सुरू झाली. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणत नाही. पण माणूस म्हणून मान मिळावा ही भूक तीच होती, असं मला वाटतं.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, राष्ट्रपतींचा आदेश आला: अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेरच आहेत. महाराष्ट्रात धर्मांतरित ख्रिस्ती ओबीसीत धरले जातात. धर्म बदलला तरी गावाने जात विसरली का? याच प्रश्नावर केंद्राने २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला.

म्हणून हरेगावकडे फक्त 'श्रद्धेची गर्दी' म्हणून बघू नका. तिथे रांगेत उभी असलेली म्हातारी नातवासाठी मेणबत्ती लावते, आणि त्याच नातवाच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्न दिल्लीत अडकलेला असतो.

जायचं असेल तर बेलापूर स्टेशनला उतरा, पुढे एसटी आहे. यात्रेच्या दिवशी नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा. तुमच्या तालुक्यात अशी वेगळी यात्रा भरत असेल तर नक्की कळवा, त्यावरही एक भाग करू. भेटूया!