अमेरिकेत पत शून्यापासून

पुण्यात सिबिल स्कोअर ८०० असला, तरी अमेरिकेत उतरताच पतनोंदीची पाटी कोरी! तिथल्या इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या पतमापन संस्थांच्या नोंदींत भारतातले हप्ते नसतात. गंमत म्हणजे आपल्या सिबिलची बहुतांश मालकीही ट्रान्सयुनियनकडेच आहे.

पत नव्याने उभी करायची सोपी वाट सिक्युअर्ड क्रेडिट कार्डाची. अनामत भरायची, खर्चाची मर्यादा साधारण तेवढीच. ३०० ते ८५० मधला फिको हा तिथला पतस्कोअर तयार व्हायला निदान एक खातं सहा महिने जुनं लागतं. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर फेडण्याला, ३० टक्के वापरलेल्या उधारीला. पगार कितीही असो, तो धरतच नाहीत. कार्ड घेण्याआधी बँकेला एवढं मात्र विचारा: तिन्ही संस्थांना नोंद कळवता ना? कळवत नसतील, तर दुसरं कार्ड बघा.