पहिलं पिस्तूल कोणतं? नाशिकमधून विचार केला तर यादी फार छोटी निघते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलण्यातलं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला. यूट्यूबवर ‘नवीन माणसाकडे असायलाच हवीत अशी पाच पिस्तुलं’ छापाचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. एक घरात ठेवायला, एक कमरेला लावायला, एक सरावाला. बघायला मजा येते. पण ती यादी अमेरिकेतल्या दुकानाची आहे. तीच नाशिकमध्ये वापरायला गेलात, तर पहिल्याच पायरीवर एरर येणार. म्हणून आपली यादी आपणच बनवू.

आधी कायदा, मग मॉडेल

आपल्याकडे हत्यार बाळगणं हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम, या दोन गोष्टींवर सगळं चालतं. नाशिक शहरात परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय किमान २१ लागतं. कारण द्यावं लागतं, पोलीस चौकशी होते, सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती. म्हणजे ‘पाच पिस्तुलांचा सेट’ इथेच निकालात निघाला.

दुसरी चाळणी कॅलिबरची. व्हिडिओत दिसणारी बहुतेक पिस्तुलं ९ एमएमची असतात, आणि ते सामान्य नागरिकाला मिळत नाही. उरतात मुख्यतः .२२ आणि .३२. आणि या सगळ्याच्या बाहेर एक गोष्ट उरते, जिच्याकडे नवीन लोक बघतच नाहीत.

एक नंबर : दहा मीटर एअर पिस्तूल

हीच ती गोष्ट. .१७७ म्हणजे ४.५ मिमी कॅलिबर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा असेल, तर एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. मॅचच्या एअर पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. बारावीचं सूत्र लावा : सहा ज्यूलच्या आत-बाहेर उत्तर येतं. मर्यादेच्या कितीतरी खाली.

‘एवढंसं? हे तर खेळणं झालं!’ असं वाटत असेल, तर टार्गेट बघा. दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिमीचं असतं. एका हाताने, कशाचाही आधार न घेता, सव्वा तासात ६० शॉट. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं ते याच प्रकारात.

विकत घेताना काय बघायचं?

हाताची मूठ. लाकडी ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापात येते, डावखुऱ्यांची वेगळी. चप्पल जशी घालून बघतो, तशी ग्रिप धरून बघायची. रिव्ह्यू वाचून घेऊ नका.

ट्रिगर. स्पर्धेच्या नियमानुसार तो किमान ५०० ग्रॅमचा लागतो. याचा अर्थ पिस्तूल उभं धरून ट्रिगरला अर्धा किलोचं वजन लटकवलं, तर ट्रिगर सुटता कामा नये.

हवेची टाकी. चांगल्या पिस्तुलाला २०० बारपर्यंत भरायची छोटी टाकी असते. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुनी टाकी चालत नाही. सेकंड हँड घेताना टाकीवरची तारीख आधी वाचा, किंमत नंतर विचारा. एकदा लिव्हर दाबून हवा भरायचं सिंगल स्ट्रोक पिस्तूलही मिळतं. त्याला टाकीची कटकट नाही, म्हणून सुरुवातीला सोयीचं.

परदेशी मॅच पिस्तूल लाखाच्या वर जातं. म्हणून पहिले काही महिने क्लबचंच वापरा. मीही तसंच केलं. आपला हात कसा आहे, हे कळल्याशिवाय खर्च कशाला?

आणि ते सीओटूवर चालणारं, खऱ्यासारखं दिसणारं, स्टीलचे गोळे उडवणारं ‘रेप्लिका’? ते टाळा. गोळा कडक पृष्ठभागावर आपटून उलटा डोळ्यावर येऊ शकतो. आणि रस्त्यात ते बाहेर काढलंत, तर समोरच्याला ते खोटं आहे हे कळणार कसं?

दोन नंबर : .२२ स्पोर्ट पिस्तूल

हे २५ मीटरवरचं. इथे खरी गोळी, खरा आवाज आणि अर्थातच परवाना. ट्रिगर एक किलोचा. ३० शॉट निवांत, नेम धरून. पुढचे ३० जलद. जलद म्हणजे हात ४५ अंशांत खाली, टार्गेट उघडलं की तीन सेकंदात वर आणून एक शॉट, परत खाली.

हा आपल्या महाराष्ट्राचा प्रकार म्हटला तरी चालेल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवोनला वर्ल्ड कप सुवर्ण जिंकलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

पण हे पिस्तूल ‘घ्यायचं’ नसतं, तिथपर्यंत ‘पोचायचं’ असतं. एअर पिस्तुलात स्कोअर आला, रायफल असोसिएशनच्या स्पर्धांत पात्रता गुण मिळाले, की खेळाडू म्हणून पुढची दारं उघडतात. वर्षभर क्लबमध्ये नियमित जाणं हाच इथला शॉर्टकट.

तीन नंबर : .३२, आणि इथे जरा थांबा

स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालाच, तर बहुतेकांच्या हातात .३२ येतं. सरकारी कारखान्यांची मॉडेल्स तुम्ही ऐकली असतील : ‘अशनी’ पिस्तूल, २०१४ मध्ये आलेलं सुमारे ५०० ग्रॅमचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर. एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. आकडा .३२ असला तरी पिस्तुलाचं आणि रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं असतं. पोर्ट सारखा दिसला म्हणून चार्जर चालतोच असं नाही, तसंच.

आता मुद्द्याचं. ‘घरच्यांच्या सुरक्षेसाठी घेऊ का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. माझं उत्तर : बहुतेकांनी नको. चोर रात्री तीनला येतो. तेव्हा पिस्तूल कपाटात, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, किल्ली तिसरीकडे. सुरक्षित ठेवायचं तर तसंच ठेवायला हवं. उशाखाली ठेवलं, तर ते आधी घरातल्या लहान मुलाच्या हाती लागेल. निवडणूक आली की अनेकांना शस्त्र पोलिसांकडे जमा करावं लागतं, ते वेगळंच.

आणि एक गोष्ट आपण बोलत नाही. ज्या घरात बंदूक असते, तिथे आत्महत्येने मृत्यूचा धोका जास्त असतो. अमेरिकेत यावर भरपूर अभ्यास झालाय आणि निष्कर्ष पुन्हापुन्हा तोच आलाय. वाईट दिवस कुणाच्याही घरात येतो. त्या दिवशी कपाटात काय आहे, यावर पुढचं सगळं ठरू शकतं. घरात कुणी खचलेलं असेल, तर बंदूक घराबाहेर ठेवण्याची सोय आधी बघा आणि त्या माणसाशी बोला. टेलिमानसचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू असतो.

आजोबांची बंदूक घरात असेल आणि ते गेले, तर ती आपोआप तुमची होत नाही. आधी पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग स्वतःच्या नावाने अर्ज. लग्नात हवेत गोळीबार? २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गावठी कट्टा घेऊन रील? तो तर सरळ स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच अपलोड करणं झालं.

मग सेट काय ठरला?

एक एअर पिस्तूल. मन लागलं, स्कोअर आला, तर पुढे .२२. बस्स.

यातलं कमी काहीच नाही. पॅरिसमध्ये रायफलमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे शिकत होता ते याच नाशिकमध्ये. नेमबाजांच्या मनावर काम करणारे निवृत्त पोलीस अधिकारी, क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम हेही नाशिकचेच होते. हत्याराच्या आधी मन, हा विचार या शहराला नवा नाही.

या रविवारी एवढंच करा : जवळच्या रेंजवर जा, चष्मा लावा, क्लबच्या पिस्तुलाने दहा शॉट मारा. नळी कायम टार्गेटकडे, बोट शॉटच्या क्षणापर्यंत ट्रिगरच्या बाहेर. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे नंतर हात साबणाने धुवा आणि मगच मिसळ खायला जा.

दहापैकी किती काळ्यात गेले ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!