वजन आजचं सांगा

पहाटे ५:४०
मनीमाजरा. चंदीगडच्या कडेचं हे जुनं गाव कागदोपत्री आता सेक्टर १३ आहे. शहर आखताना १३ हा आकडा गाळला होता, २०२० साली तो या गावाच्या वाट्याला आला. रिक्षावाल्याला मात्र मनीमाजराच सांगावं लागतं.

ताई फ्रीजरमधून जेलच्या चार विटा काढतात. रात्रभर त्या मटारच्या पिशवीशेजारी गोठत होत्या. "नाव नका घालू," म्हणाल्या, म्हणून नुसतं ताई. साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत, त्याची बदली चंडीमंदिरला झाली तेव्हा आल्या. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, गावाकडेच झालेला. इथे एका खासगी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घेतात. महिना १७ हजार, वर घरामागे ३० रुपये. पेट्रोल त्यातूनच.

पिशवीत सुया, पिवळ्या झाकणाच्या नळ्या, दंडाचा पट्टा, स्पिरिटचे बोळे, वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा. आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला वजनकाटा.

"हा लॅबचा नाही, माझा. ९०० रुपये."

६:३५
सेक्टर ३८. चोवीस वर्षांचा मुलगा दारातच उभा आहे, बाही आधीच वर करून. त्याला डाउन सिंड्रोम आहे. अशा माणसांचं थायरॉइड पुढेमागे बिघडायची शक्यता जास्त, म्हणून दर वर्षी रक्त तपासतात. ताईंचं हे तिसरं वर्ष. तो त्यांच्या स्कूटीचा नंबर न बघता म्हणून दाखवतो, सुई जाताना तोंड फिरवतो आणि नंतर पट्टी दोनदा दाबून बघतो. सेक्टर ३१ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी संस्था आहे, तिथे जायची त्याला घाई. आई चहा विचारते. ताईंना वेळ नाही.

८:२०
सेक्टर २०. बाराव्या आठवड्याची गरोदर बाई. डबल मार्कर, म्हणजे गर्भाला डाउन असण्याची शक्यता किती ते सांगणारी रक्ततपासणी. याला उपाशी असावं लागत नाही, तरी ती उपाशीच बसली आहे.

रक्त दोन मिनिटांत होतं. चिठ्ठीला वीस मिनिटं लागतात. शेवटची पाळी. जन्मतारीख. सोनोग्राफीची तारीख, बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी, मानेमागच्या पाण्याची जाडी. ही लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या आत हवी, म्हणजे साधारण अकरा ते चौदा आठवडे. मधुमेह? आधीचं मूल? गर्भ टेस्ट ट्यूबचा?

"वजन?"

"चौपन्न."

"कधीचं?"

बाई हसते. लग्नातलं. ताई काटा फरशीवर ठेवतात, पायाने जरा सरळ करतात. ६१.३.

वजनाचा एवढा आग्रह का, हे मला जिना उतरताना कळतं. अंगाने भरलेल्या बाईत तपासायची द्रव्यं जास्त रक्तात विरतात, पातळ होतात. यंत्र वजन बघून ते सावरून घेतं. चिठ्ठीवर ५४ गेलं तर यंत्र ५४ चाच हिशेब करणार. शेवटी कागदावर जो आकडा उमटतो, एकास इतके, तो रक्तातून जितका येतो तितकाच या चिठ्ठीतून येतो. जन्मतारखेचंही तेच. आधारवर कितीतरी जणींचा वाढदिवस १ जानेवारी, शाळेत मास्तरांनी टाकलेला. पंचविशीत डाउनचं मूल होण्याची शक्यता साधारण १२५० त एक, पस्तिशीत ३५० त एक, चाळिशीत शंभरात एक. तीन वर्षं इकडेतिकडे झाली की सुरुवातच चुकली. ताई शाळेचा दाखला मागतात. लोक वैतागतात.

नळी अर्धा तास उभी. रक्त गोठलं की थंड पेटीत. जून आहे, नऊलाच हँडल पोळतंय. नळी तापली तर रक्तातलं एचसीजी हे द्रव्य तुटतं आणि त्याचा बीटा नावाचा सुटा तुकडा वाढतो. गर्भ डाउनचा असला तरी आईच्या रक्तात नेमका तोच वाढलेला असतो. इथे बर्फ वितळला की तिथे जोखीम वाढते, कागदावर.

९:४५
सेक्टर ३५, मोठी कोठी. इथे एनआयपीटी. आईच्या रक्तात तरंगणारे गर्भाच्या डीएनएचे तुकडे मोजतात. १२ हजार रुपये. नळ्या वेगळ्या, आत टिकाऊ द्रव असलेल्या, आणि त्यांना बर्फ चालत नाही. एकाच पिशवीत एक नळी गारठ्यात आणि दुसरी गारठ्यापासून लांब. ताई तिला वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवतात. संध्याकाळच्या कुरियरने ती दुसऱ्या शहरात जाईल.

सासूबाई दारापर्यंत येतात. आवाज खाली आणून विचारतात, डीएनएच बघताय तर ते पण कळत असेल ना?

"बीजी, वो रिपोर्ट में नहीं आता."

मुलगा की मुलगी ते कळतं, पण सांगायचं नाही. १९९४ चा कायदा आहे, आणि या भागात तो का लागतो ते जनगणनेत दिसतं. २००१ साली चंदीगडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४५ मुली होत्या, २०११ साली ८८०. ताई एवढं बोलत बसत नाहीत. हेल्मेट घालतात.

१०:५०
कलेक्शन सेंटर. दुकानाच्या गाळ्याएवढं. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर, वजन जुळवून. दहा मिनिटं घरघर. वर पिवळं पाणी, खाली लाल गाळ. चिठ्ठ्या चिकटवायच्या, नोंद करायची. मशीनजवळच्या मुलाला ताई एक फॉर्म परत देतात. त्यावर सोनोग्राफीची तारीखच नाही.

१:१५
पिंपळाखाली डबा. पोळी, भेंडी, शेंगदाण्याची चटणी. ती गावाहून येते. स्कूटीत १५० चं पेट्रोल.

२:३०
बुडैल, सेक्टर ४५. सिमेंटच्या जाळ्यात सापडलेलं गाव, गल्लीत दोन स्कूटी समोरासमोर जात नाहीत. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. नवरा फरशा बसवतो, दिवसाला ७००. बाईला सतरावा आठवडा. डबल मार्करची वेळ गेली, आता क्वाड्रुपल: चार द्रव्यं, पंधरा ते वीस आठवड्यांत. लॅबचा दर २,८००.

नवरा खिशातून नोटा काढतो आणि पलंगावर मांडतो. दोन हजार शंभर.

ताई पट्टा बांधत नाहीत. पिशवीची चेन लावतात. बत्तीस सेक्टरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जेनेटिक सेंटर आहे, तिथे जा, सोनोग्राफीचा कागद आणि आधार घेऊन. उद्याच. पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा आठवडा असं करू नका. पत्ता एका बिलाच्या मागे लिहून देतात.

खाली आल्यावर मी ३० रुपयांचं विचारतो.

"गेले," म्हणतात.

४:१०
फोन. झिरकपूरहून, मूळच्या नाशिकच्या बाई. मागच्या आठवड्यात क्वाड्रुपल झालं होतं. रिपोर्टवर १ : १४०, लाल अक्षरांत. सीमा १ : २५० ची.

"ताई, म्हणजे बाळाला आहे का?"

ताई स्कूटी सावलीत घेतात. रिपोर्ट समजावणं हे त्यांचं काम नाही, लॅबने तसं बजावलंय.

"मी सुई टोचणारी, ताई. डॉक्टरांना विचारा. पण वाचून दाखवते. असा आकडा आलेल्या १४० जणी उभ्या केल्या तर एकीच्या बाळाला असतं. १३९ जणींच्या नसतं. तुम्ही कुठल्या, ते हा कागद सांगत नाही."

"मग कोण सांगणार?"

"पोटातलं पाणी."

सोळा आठवड्यांनंतर सोनोग्राफीत बघत सुईने गर्भजल काढतात, त्यातल्या पेशी वाढवतात आणि गुणसूत्रं मोजतात. ४६ की ४७. गर्भ पडायचा थोडा धोका असतो, तो डॉक्टर आधी सांगतात. पेशी वाढायला वेळ लागतो, रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. २०२१ पूर्वी गर्भपाताची मर्यादा वीस आठवड्यांची होती, तेव्हा हा हिशेब अगदी काठावर यायचा. आता अशा कारणासाठी चोवीस आहेत, त्यापुढे वैद्यकीय मंडळ ठरवतं. ठेवायचं ठरवलं तरी आधी कळलेलं बरं: यातल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं.

पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही. मग: "ती मुलं कशी असतात हो?"

"सकाळीच एकाचं रक्त घेतलं," ताई म्हणतात. "माझ्या गाडीचा नंबर त्याला पाठ आहे. मला नाही."

५:३०
सेंटर. बर्फाच्या विटांचं पाणी झालंय, पण पेटीतला थर्मामीटर ७ दाखवतो. आठच्या आत आहे. ताई तो आकडा वहीत लिहितात, सही करतात. मशीनजवळच्या मुलाने सकाळच्या फॉर्मवर सोनोग्राफीची तारीख फोन करून भरून घेतली आहे.

७:०५
मनीमाजरा. विटा परत मटारशेजारी. आठ घरं, २४० रुपये. पेट्रोल १५०. वजनकाट्याचे सेल संपत आलेत, आकडा फिका दिसतो. ४० रुपयांचे नवे घालतात आणि स्वतः उभ्या राहून बघतात.

फोनवर नाशिकच्या बाईंचा मेसेज आहे. सोमवारी पाणी काढायचं ठरलं. रिपोर्ट तीन आठवड्यांनी.