गाडीचे हादरे आणि खिशाचा अंदाज

मी कवितेतला माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. गाडीच्या पोटातल्या लोखंडाविषयी मी बोलावं हे जरा धाडसच. पण कशेळीत राहून ठाणे-भिवंडी रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला हा विषय शिकावाच लागतो. एक तर गोदामांकडे जाणारे अवजड ट्रक, त्यात 2018च्या डिसेंबरात मेट्रोचं भूमिपूजन झालं आणि पुढे खांबांच्या खोदकामाने रस्त्याची चाळण झाली. माझी अम्मी आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी ठाण्याला जाते. मणका अधू. एक दिवस ती म्हणाली, "खड्डा आला की आधी सांगत जा रे बेटा, मी श्वास धरून बसते." त्या दिवशी मी जुन्या वॅगन-आरखाली वाकून पाहिलं.

एका गॅरेजवाल्याने चाळीस हजारांच्या वरचा आकडा सांगितला. माझ्याकडे बारा हजार होते. मग अंजूरफाट्याकडच्या एका वयस्कर मिस्त्रींना गाठलं. ते म्हणाले, "सरजी, आधी काय मेलंय ते बघू. जिवंत आहे ते कशाला बदलायचं?"

आता थोडं यंत्राविषयी. गाडीचा भार पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात चाक उचललं गेलं की ती दाबली जाते आणि तो जोर परत बाहेर टाकते. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी खड्ड्यानंतरही कितीतरी वेळ झुलत राहील. ते झुलणं थांबवतो तो शॉकअप. त्याच्या नळीत तेल असतं, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा असतात. तेल त्यांतून जबरदस्तीने सरकतं आणि धक्क्याचा जोर उष्णतेत बदलून जातो. आमचे अब्बा यंत्रमागावर होते. धोटा वेगाने येऊन आदळतो, तिथे त्याला झेलायला चामड्याचं बफर असतं. ते झिजलं की मागाचा आवाज बदलतो, हे अब्बा कापडाकडे न बघता ओळखायचे. गाडीचंही तसंच, कान द्यायला हवा.

मिस्त्रींनी बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला. चांगली गाडी वर येऊन स्थिरावते. आमची तीनदा झुलली. पुढच्या दोन्ही शॉकअपवर तेलाचा ओघळ होता. खालच्या आर्मचे रबरी बुश फाटलेले, स्टॅबिलायझरच्या लिंक खुळखुळत होत्या. आणि टायरांत हवा? चाळीस पौंड! हवा भरणाऱ्या पोराने "लोड असतो ना" म्हणून भरलेली. चालकाच्या दारापाशी कंपनीने चिकटवलेल्या कागदावर हवेचा आकडा असतो, तेवढीच ठेवायची. हा पहिला उपाय जवळजवळ फुकटचा आहे, आणि अर्धे हादरे त्यानेच कमी झाल्यासारखे वाटले.

पुढचे शॉकअप जोडीनेच बदलायचे. एक नवा आणि एक जुना असला तर ब्रेक मारताना गाडी बिचकते. गॅसचे घेतले. त्यांत तेलासोबत दाबाखाली नायट्रोजन असतो, त्यामुळे सलग खड्ड्यांत तेलाला फेस येत नाही आणि पकड टिकते. स्प्रिंगा शाबूत होत्या, त्याच ठेवल्या. वरची माउंटिंग मात्र नवी टाकली, कारण त्यासाठी पुन्हा सगळं उघडायचं तर मजुरी दुप्पट. हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग शिकंज्यातून निसटली तर माणूस जायबंदी होतो.

हिशेब असा: शॉकअपची जोडी 5,000, माउंटिंग 1,800, बुश आणि लिंक 1,600, मजुरी 1,800, शेवटी व्हील अलाइनमेंट 500. एकूण 10,700 रुपये. अलाइनमेंट टाळलीत तर टायर एका बाजूने झिजतील आणि वाचवलेले पाचशे टायरवाल्याला द्याल.

बाजारात स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर मिळतात. गाडी वर उचलली जाते खरी, पण तेवढे वेढे काम करेनासे होतात, स्प्रिंग कडक होते आणि हादरा थेट पाठीत जातो. तरुण पोरं स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवतात, मोठी रिमं आणि पातळ टायर लावतात. दिसायला झोकदार, पण टायरची जाड भिंत हीच पहिली गादी असते, ती आपण फेकून देतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असल्या मनमानी फेरफारांना आडवं येतं. आमच्याकडे मालाच्या पिकअपला जादा पाटा टाकतात. भरलेली असेपर्यंत ठीक, रिकामी परतताना चालकाची हाडं मोजून घ्यावीत!

खड्डे अजून आहेतच. परवा कशेळीचा पूल ओलांडून आलो आणि सवयीने म्हटलं, "अम्मी, खड्डा." मागून उत्तर नाही. आरशात पाहिलं, तर तिचा डोळा लागला होता. मागचे शॉकअप अजून जुनेच आहेत. पावसाळा सरला की त्यांचा नंबर.